डावऱ्याचा सुरा

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. पार्सल उघडण्याआधी हे वाचा. तुमची सवय मला माहीत आहे, आधी दोरा कापाल आणि मग चष्मा शोधत बसाल.

आत एक सुरा आहे. शनिवारच्या जुन्या बाजारात मिळाला. मी खरं तर कात्री बघायला गेले होते. आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या कात्र्या कापड कापत नाहीत, नुसत्या चावतात. एका टपरीवर बूड गेलेल्या पातेल्यांच्या खाली हा दिसला. शिंगाची मूठ, तिच्यात पितळेचे खिळे. मी पातेली बाजूला सारून तो ओढून काढला. टपरीवाला म्हणाला, बाई, शिकारीचे सुरे सगळे असेच असतात. असतीलही.

तुम्ही आमच्या लग्नात ह्यांना स्वतः घडवलेला सुरा दिला होता, तो असाच होता ना? मला खात्रीने सांगता येत नाही. संसारच तीन महिन्यांचा झाला, त्यात मी नवरा बघू की सुरा? मग दोन मित्रांबरोबर हे डोंगरात शिकारीला गेले, धुक्यात मागे राहिले ते राहिलेच. लोकांनी डोंगर पिंजून काढला आणि हाती लागली एक पिशवी. सुरा कमरेला होता, तो त्यांच्याबरोबरच गेला.

सात वर्षं झाली, मामा. तुमच्या ताई अजून रोज मुलाची गादी झटकून घालतात. मी काही बोलत नाही. पण मी विधवा आहे की टाकलेली, एवढं मला कळू दे. दोन्हीपैकी जे असेल ते चालेल, हे असं खुंटीला टांगून राहणं नको झालंय. आणि लपवत नाही, कारखान्यासमोरचे घड्याळवाले आहेत, त्यांनी मला विचारलंय. भला माणूस आहे. मी त्यांना अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काय म्हणणार? मी कोण आहे हेच मला ठाऊक नाही.

तुम्ही नेहमी म्हणता, पातं बघून मालक कसा होता ते सांगतो. तर सांगा. मी तो गरम पाण्यात घालून थोडा घासला, पण फार काही निघालं नाही. उत्तर घरी नको, कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. आईंना मी काही बोललेले नाही.

तुमची सूनबाई

२१ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद. दोरा आधी कापला. चष्मा नंतर सापडला, डोक्यावरच होता.

मूठ गरम पाण्यात कुणी घालतं का? शिंग आहे ते, मोजा नाही. फुगून खिळ्यांपाशी चिरलंय. आणि वर घासणीही मारलीस! मी तुझ्या कारखान्यात येऊन कापडाला हातोडा मारला तर चालेल का? जाऊ दे. जीव टांगणीला लागलेल्या माणसाने सोडा घालून उकळला नाही हेच नशीब.

आता ऐक. पात्यावर गंजाचे नुसते पापुद्रे आहेत, आत लोखंड किती आणि गंज किती ते आज सांगता येत नाही. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय. पण ओळख पात्यावर नाहीच, ती मुठीच्या आत आहे. बाकीचे कारागीर पात्यावर आपलं नाव ठोकतात. मला ते मिरवणं वाटतं. मी पात्याची शेपटी मुठीत बसवण्याआधी तिच्यावर कानशीने तीन खाचा मारतो आणि वरून राळ ओततो. बाहेरून कुणाला दिसत नाही. ते बघायचं तर खिळे काढायला हवेत, आणि राळ जुनी झाली की हट्टी होते. घाई केली की शिंगाचे दोन तुकडे. तेव्हा रोज टपालवाल्याचं डोकं खाऊ नकोस.

आमचा डावऱ्या लहानपणी सुट्टीत आला की भात्यापाशीच बसायचा. डाव्या हाताने धार लावायचा म्हणून इथले लोक हसायचे, हात बदल म्हणायचे. मी म्हटलं, हात राहू दे, दगड फिरवून ठेव. एका दिवसात शिकला. त्याच्यासारखी धार माझ्या चेल्यांपैकी एकालाही लावता आली नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत असे, म्हणून एकही टिकला नाही.

ताईला बोलली नाहीस ते बरं केलंस. मागे कुणीतरी "स्टेशनवर दिसला" म्हणालं, तर आठवडाभर स्टेशनवर जाऊन बसली होती. तिला परत तिथे बसवायचं नाही.

मामा

२६ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र नाही. राळ हट्टी की तुम्ही?

मी परत टपरीवाल्याकडे गेले. आधी म्हणाला आठवत नाही. मग मी त्याची फाटकी ताडपत्री शिवून देते म्हटल्यावर आठवलं. एका भाड्याच्या खोलीतलं सामान होतं म्हणे. भाडेकरू सोडून गेला, मालकिणीने सगळं पडवीत टाकलं, ते ओलं होऊन वास मारायला लागलं तेव्हा पोत्यात भरून विकलं. स्टोव्ह, बादली, हा सुरा. त्यापुढे त्याला काही माहीत नाही आणि मीही विचारलं नाही. डोंगरात सापडलेली वस्तू दहा हातांतून फिरत कुणाच्या खोलीत जाऊन पडणार, त्याचं काय.

आईंना कुणकुण लागलीय. "हल्ली तू शिट्टी वाजवत नाहीस," म्हणाल्या. मी घरात शिट्टी वाजवते हेच मला माहीत नव्हतं. त्यांना नीटसं काही दिसत नाही, पण ऐकू मात्र नको तेवढं येतं.

काय असेल ते लिहा. वाईट असेल तर वाईट. मी काही साखरेची नाही, विरघळणार नाही.

सूनबाई

२० मार्च

सूनबाई,

बसून वाच.

खिळे काढले, राळ फोडली. शेपटीवर तीन खाचा आहेत. सुरा आपला आहे.

आता पुढचं. गंज निघाल्यावर पातं जसंच्या तसं निघालं. माझ्या दगडावरून उतरलं त्यानंतर त्याला एकदाही धार लागलेली नाही. शिकारीचा सुरा रोज वापरला तर सात वर्षांत झिजून निम्मा होतो, आणि ज्याला मी धार लावायला शिकवलं तो बोथट सुरा कमरेला बाळगणार नाही. कळतंय ना मी काय म्हणतो ते? तो खाली आलाच नाही, पोरी. त्या पहिल्या दिवसांतच काय ते झालं. सुरा कुणा लाकूडतोड्याला सापडला असेल, त्याने नेला आणि टाकून दिला. आपला डावऱ्या गेला.

तू विचारलं होतंस, म्हणून लिहितो: तुला कुणी टाकलेलं नाही. तुला कुणी टाकेल का?

सुरा नीट करून पाठवतो आहे. मुठीतली चीर राळेने भरली, खिळे नवे घातले, पातं पुसून तेल लावलं. ताईला तूच सांग, हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. माझ्याने समोर येऊन सांगवणार नाही. आणि त्या घड्याळवाल्याला ताटकळत ठेवू नकोस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा वेळ कमीच असतो.

मला बरं आहे. हात थोडे दुखतात, वय झालं.

मामा

६ एप्रिल

मामा,

आईंना पत्र वाचून दाखवलं. त्या उठल्या, ह्यांची गादी गुंडाळली, आणि मग त्या गुंडाळीवरच बसून रडल्या. सात वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही रडले. रडताना मनात आलं, चला, रडायला तरी आलं. ह्याची लाज वाटते, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आता त्या जेवतात. कपडे वाटून टाकले, एक स्वेटर ठेवलाय. मला म्हणाल्या, "घड्याळवाल्यांना हो म्हण. मला सगळं दिसतं, फक्त अक्षरं दिसत नाहीत." मी हो म्हटलं. ते इतके गोंधळले की कुणाचंतरी चालू घड्याळ उघडून बसले.

सुरा बघून विश्वास बसत नाही की हाच तो. गंज निघाल्यावर अंगाने भरल्यासारखा दिसतो, आजारातून उठलेल्या माणसासारखा. मामा, तुमच्या हाताला तोड नाही. तुमचे उपकार कसे फेडू?

तुमची सूनबाई

११ मे

मामा,

आईंना सुरा उशाशी हवा होता. झोपेत हात कापू नये म्हणून खोळ शिवायला घेतली. तुम्हाला पाठवताना मी कॅनव्हासची खोळ शिवली होती, तिचा कागद माझ्याकडे होताच. कटिंगवाली बाई मापाचा कागद फेकत नाही, नवरा हरवला तरी कागद हरवत नाही. त्यावरून कापली, शिवली, आणि सुरा आत जाईना.

मूठ बरोबर बसते. पातं बसत नाही. पोटाकडे दोन बोटं जास्त, टोकाकडे अंगठाभर. मला वाटलं मीच चुकले. परत कापली. परत तेच. मग सुराच कागदावर ठेवून पाहिला.

कापड धुतल्यावर आटतं हे मला माहीत आहे. लोखंड धुतल्यावर वाढतं हे मी पहिल्यांदा ऐकते आहे.

हे पातं कुणाचं, आणि मी पाठवलेलं कुठे आहे? माझं लग्न महिनाअखेरीस ठरलंय. गोड बोलून समजूत घालू नका. एका पोस्टकार्डावर खरं लिहा.

सूनबाई

१९ मे

सूनबाई,

पोस्टकार्डावर मावत नाही.

मी पाठवलेलं पातं नवीन आहे. भट्टी विझून दोन वर्षं झाली होती, ती पेटवली. माझे हात आता चहाचा कपसुद्धा सांडतात, तरी घडवलं. पहिली दोन पाती पाणी देताना तडकली, तिसरं जमलं. तुझी शपथ, इतकं सरळ पातं मी जन्मात घडवलं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं ते खोटं बोलायला. खापर कुणावर फोडू?

जुनं माझ्याजवळ आहे. गंजाचे पापुद्रे पाहून आधी मला खरंच वाटलं होतं की त्याखाली पातं शाबूत असेल. गंज उतरला तेव्हा बघितलं. निम्मं उरलंय. झिजलंय ते दगडावर, वर्षानुवर्षं, जपून, एका अंगाने. उजव्या हाताने लावलेली धार अशी झिजत नाही. आणि मुठीपाशी बोटभर जागा धारेशिवाय सोडलेली आहे, अंगठा टेकायला. ती सोडायला मीच शिकवली होती. ही शेवटची धार फार जुनी नाही. वरचा गंज म्हणजे पडवीतल्या ओलीचा, वर्षभराचा.

मी ते हातात धरून बसलो आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. जिवंत आहे गाढव, असं मोठ्याने म्हणालो. मग तुझं पत्र समोर होतं. विधवा की टाकलेली. आणि ताई. मेलेल्या मुलाला आई एकदा रडते. जो जिवंत आहे आणि येत नाही त्याला तिने किती वेळा रडायचं? मला वाटलं, मी एक पातं घडवलं की दोन बायका सुटतील. मी कापडाचं काम केलेलं नाही, मापाचे कागद ठेवतात हे मला काय ठाऊक.

तो का गेला ते मला विचारू नकोस. माहीत असतं तर मी जाऊन कान धरून आणला असता. तुझ्यात काही कमी होतं म्हणून गेला असं मनात आणशील तर याद राख.

लग्न मोडू नकोस. हे पत्र जाळून टाक. मीच सांगतो आहे, झाकली मूठ राहू दे.

मामा

८ जून

मामा,

पत्र जाळलं नाही. लग्न मोडलं.

टपरीवाल्याकडून त्या मालकिणीचा पत्ता काढला. आमच्या घरापासून एकच बस, मध्ये बदलावीसुद्धा लागत नाही. सात वर्षं आम्ही डोंगराकडे तोंड करून बसलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मालकीण ओट्यावर भांडी पुसत होती. मी सुऱ्याचं विचारलं तर लगेच म्हणाली, "तो डावखुरा ना? शांत माणूस. भाड्याची कटकट नाही, कसली नाही. पायरीवर बसून दगडावर सुरा घासत असायचा. मागच्या थंडीच्या आधीच्या थंडीत गेला, सामान इथेच टाकून." कुठे गेला ते तिला ठाऊक नाही. म्हणाली, "घरी कोण असतं म्हणून मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, मागे-पुढे कोणी नाही." मग तिने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, कुणी नाही, जुन्या बाजारात सुरा घेतला होता, चांगला निघाला म्हणून सांगायला आले. तिने मला पाणी दिलं. खोली दाखवू का म्हणाली. मी नको म्हटलं. बघून काय करू? तिथे आता दुसरं कुणी राहतं.

मामा, हे मेले असते तर मला रडता आलं असतं, आणि आधी रडलेही. आता ते रडणंही परत घ्यावं लागलं.

घड्याळवाल्यांना मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तो कागद काय, ते पातं काय, मला फरक पडत नाही. फक्त एक सांगा. उद्या तो दारात आला तर?" मला पटकन "त्यांच्याकडे जाणार नाही" म्हणता आलं नाही. तेवढ्यात त्यांना उत्तर मिळालं. अशा माणसासाठी, ज्याच्या मागे-पुढे मी नाही! माझाच मला इतका राग आला. आता मी कारखान्यात मागच्या दाराने जाते. ते मान खाली घालून काम करतात.

आईंना ह्यातलं काहीही कळलेलं नाही. लग्न का मोडलं विचारलं, मी म्हटलं पटलं नाही. त्यांचं वेगळंच चाललंय. रोज विचारतात, "त्याला जाताना त्रास झाला असेल का गं? मामाला विचार. त्याला लोखंडावरून सगळं कळतं." मी आज विचारते, उद्या विचारते करत दिवस ढकलते. मी स्वतःच्या तोंडाने खोटं सांगायला गेले तर त्या आवाजावरून ओळखतील. वाचून दाखवताना ओळखणार नाहीत, तिथे माझा आवाज नेहमी सपाटच असतो.

तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच पुरं करा. त्यांना पत्र लिहा. ह्या वेळी घरच्या पत्त्यावर.

सूनबाई

१६ जून

ताई,

सूनबाईने कळवलं की तू विचारत होतीस. सांगतो.

त्याला त्रास झाला नाही. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही, मला तसलं जमत नाही, लहानपणी तुझी बाहुली मोडली तेव्हाही मी सरळ सांगितलं होतं. पातं बघून कळतं. घाबरलेला माणूस सुरा उपसतो, झाडावर मारतो, दगडावर मारतो, धारेचे टवके उडतात. ह्याच्या धारेला एक टवका नाही. म्हणजे सुरा कमरेलाच होता. तो घाबरला नाही. धुकं होतं, थंडी होती, दमला असेल, कुठेतरी टेकून बसला असेल. थंडीत माणसाला झोप येते, ताई, बाकी काही होत नाही. तुला आठवतं ना, आमच्या भात्यापाशी बसल्या बसल्या झोपायचा? मग आपण त्याला उचलून न्यायचो. तसाच झोपला.

शेवटी तुझी आठवण काढली का, हे लोखंड सांगत नाही. पण तुझाच मुलगा होता, काढली असणारच. बायकोचीही काढली असेल. त्याचं तुम्हा दोघींशिवाय होतं कोण?

तू अजून दार नुसतं लोटून झोपतेस म्हणे. आता कडी लावत जा. कुणी यायचं राहिलेलं नाही. वाट बघायची नाही, ताई. मीही बघत नाही.

सूनबाईच वाचते आहे ना हे? तिला म्हणावं, मध्ये थांबू नकोस, एका दमात वाच.

तुझा धाकटा भाऊ